बापूंच्या दहाव्याला कोण हसलं

बद्रीनाथ बापूंच्या पिंडाला कावळा शिवला. गुरुजींनी तसं खणखणीत आवाजात जाहीर केलं, शे-दीडशे माणसांनी ऐकलं, हात जोडले, आपापल्या चपला शोधल्या आणि जेवायला गेले. तेव्हा शिवला का नाही, याबद्दल कुणी शंका काढू नये.

आता हे आपण ऐकलंच नाही असं धरू. कावळ्याचा अजून पत्ता नाही. बापूंना जाऊन दोन-तीन दिवसच झालेत, राख सावडून झालीय, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा राजेंद्र गावाकडच्या घरात, पडवीत, डावा कान धरून बसलाय.

राजेंद्र तिकडं संभाजीनगरात एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर कारकून होता. आलेला कागद आला म्हणायचा आणि गेलेला गेला म्हणायचा, एवढं त्याचं काम. गाव लासूर स्टेशनच्या पुढं, शिवना नदीच्या अंगाला. अग्नी त्यानं दिलेला, त्यामुळं दहा दिवस घोंगडीवर बसणं आणि गावाची शीव न ओलांडणं त्याच्याकडं आलं होतं. हे नियम द्वारकाबाई सांभाळायच्या. द्वारकाबाई म्हणजे बापूंची थोरली बहीण, राजेंद्रची आत्या. भाऊ गेल्याचं दुःख त्यांना होतंच, पण नियमातून सवड मिळाली की मग ते करायचं, असं त्यांचं चाललं होतं.

आत्यांनी कान उलटसुलट करून पाहिला. आत आणि पाळीभोवती पाण्यानं भरलेल्या बारक्या फोडांची रांग उठली होती.

"नागीण हाय ही," आत्या म्हणाल्या.

"कानात?" राजेंद्रची बायको करुणा म्हणाली.

"तिला काय, जागा दिसली की बसती. पाव्हण्यावानी."

नागिणीचं शास्त्र त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. तिला तोंड असतं, शेपूट असतं, ती अंगाला वेढा घालत जाते, आणि तोंड-शेपूट जुळलं की माणूस खलास. कंबरेला निघाली तर तिला फिरायला मोकळं रान असतं. तेवढ्यात काहीतरी उपाय होतो. पण कानाची पाळी ती केवढी! चुलतभाऊ पुंडलिकनं मोबाईलच्या बॅटरीचा उजेड पाडून नीट पाहिलं आणि म्हणाला, "आत्या, मला तर जुळलेली दिसू राहिली."

नियमानं बघायला गेलं तर राजेंद्र वारला होता. एक सुतक चालू असताना त्यात दुसरं कसं मोजायचं, हा अवघड प्रश्न होता, आणि सगळे आत्यांच्या तोंडाकडं बघू लागले. आत्यांनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

"नाय जुळली," त्यांनी निकाल दिला. "मधी बाळीचं भोक हाय."

बारशानंतर सोनारानं टोचलेल्या त्या भोकानं राजेंद्र वाचला. मग आत्यांनी कानावर गेरूचा लेप थापला, आणि आता उतरंल म्हणाल्या.

उतरलं. पण फोड नाही, तोंड उतरलं. सकाळी राजेंद्रनं चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर आलं. चहा प्यायला, तो पण तिथूनच बाहेर पडला. चहाला पत्र्याची चव होती. उठून उभा राहिला तर पडवी हळूच डावीकडं कलली. करुणानं त्याच्याकडं पाहिलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. त्याचा अर्धा चेहरा ओल्या कपड्यासारखा लोंबत होता. डावा डोळा मिटत नव्हता. उजवी बाजू मात्र ठणठणीत होती, आणि तो बोलायला लागला की डावीकडून कुणी धरायला नसल्यामुळं सगळं तोंड उजवीकडं वर ओढलं जायचं. दुसऱ्या माणसाला ते स्वच्छ हसू दिसायचं.

"हसू नको राजा," आत्या म्हणाल्या.

"मी हसत नाही."

"मग हे काय हाय?"

हे काय आहे, ते राजेंद्रला ठाऊक नव्हतं. पण गावाला ठाऊक होतं. गावानं ते बापूंच्या तोंडून ऐकलं होतं.

त्याचं असं की, लहानपणापासून राजेंद्रला कुणी रागावलं की हसू यायचं. उद्धटपणा नाही; भीती वाटली की तोंड आपलं आपण फाकायचं. बापू रागावायचे, हा हसायचा, बापू आणखी रागावायचे, हा आणखी हसायचा, आणि शेवटी बापू दमून ओट्यावर बसायचे. पुढं त्यांनी रागावणंच सोडून दिलं. त्याऐवजी पारावर, लग्नात, मार्केट यार्डात, जिथं चार माणसं असतील तिथं एक वाक्य ठेवून द्यायचे: "हा माझ्या दहाव्याला हसणार, लिहून घ्या." दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा त्यांनी राजेंद्रचा हात धरला आणि म्हणाले, "हसू नको बरं का दहाव्याला." ती चेष्टा होती का बोल होता, हे विचारायचं राजेंद्रच्या मनात होतं. संध्याकाळी विचारू म्हणाला. संध्याकाळी बापू नव्हते.

आता राजेंद्रला एकच धास्ती होती. दहाव्याला काहीही होवो, पण बापू खरे ठरायला नकोत.

आणि ते तर आतापासूनच ठरायला लागले होते. भेटायला येणारी माणसं दोन ठिकाणी बसायची. ओट्याच्या उजव्या अंगाला पुरुष, डाव्या अंगाला बाया. पुरुषांना राजेंद्रची उजवी बाजू दिसायची, ती हसत होती. बायांना डावी दिसायची. तिथं उघड्या डोळ्यातून पाण्याची धार लागलेली. नवरा-बायको भेटून घरी जाईपर्यंत रस्त्यात भांडणं व्हायची. नवरा म्हणायचा, बाप मेल्याचा आनंद लपंना त्याला. बायको म्हणायची, लेकरू ढसाढसा रडू राहिलं, तुमचे डोळे फुटले का?

"यांना दवाखान्यात न्यायला पाहिजे," करुणा म्हणाली.

"अग्नी देणारा शीव वलांडत नाय," आत्या म्हणाल्या.

"आत्या, तोंड वाकडं झालंय."

"मग वाकडं तोंड घेऊन कुठं गावभर फिरायचंय?"

या मुद्द्यावर दोन दिवस गेले.

मग शहरातून गयास आला. गयास राजेंद्रच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. पंधरा वर्षं दोघांनी एकाच डब्यातली भाजी खाल्लेली. तो आला, टोपी नीट केली, उजव्या अंगाला बसला आणि दचकला.

"राजूभाई, हसरा क्या तू?"

"नाही रे."

गयास उठून डावीकडं गेला, तिथून वाकून पाहिलं, परत उजवीकडं आला. "अबे, ये तो दो आदमी है," तो म्हणाला, आणि त्यानं सरळ फोन काढला. त्याची भाची अदीबा शहरात कान-नाक-घशाची डॉक्टर होती. "बाहर नहीं जाना ना? नक्को जा. व्हिडिओ पे दिखा."

याला मात्र आत्यांकडं नियम नव्हता. शास्त्र लिहिणाऱ्यांना व्हिडिओ कॉल सुचलेला नव्हता.

"काका, कपाळाला आठ्या घाला," फोनमधून डॉक्टर म्हणाली. राजेंद्रनं घातल्या, अर्ध्याच पडल्या. "डोळे घट्ट मिटा." एक मिटला. "गाल फुगवा." हवा फुस्स झाली. "आता शीळ वाजवा."

"इथं?"

"प्लीज. मला बघायचंय."

फर्दापूरहून बापूंचे मावसभाऊ आणि त्यांची मंडळी एक जीप भरून निघाली होती, ती नेमकी या वेळी पोचली. तोंडाला पंचा लावून, खाली बघत, दबक्या पावलांनी माणसं अंगणात शिरली आणि मान वर करून बघतात तर बापूंचा मुलगा घोंगडीवर बसून मोबाईलपुढं शीळ घालण्याची खटपट करतोय.

"आता हसा," डॉक्टर म्हणाली. "मोठं. दात दिसू द्या."

राजेंद्र पाहुण्यांकडं बघत राहिला. घाबरला की त्याचं काय व्हायचं, ते आधी सांगितलंच आहे. अर्धा चेहरा पूर्ण ताकदीनं हसला.

फर्दापूरची मंडळी पाणी न घेता परत गेली. डॉक्टर म्हणाली, "ताबडतोब घेऊन या."

त्या दुपारी करुणानं आत्यांपुढं जाऊन आवाज न चढवता सांगितलं, "आत्या, त्यांना नीट गिळता येईना. पाणी पिताना ठसका लागतोय, आवाज बसलाय, उभं राहिलं की तोल जातोय. दहाव्याला पिंड कोण देणार? पुंडलिक भाऊजी?"

आत्यांनी पुंडलिककडं पाहिलं. पुंडलिक त्या वेळी कान कोरत होता.

"जा," आत्या म्हणाल्या. "पण कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाय."

म्हणून डॉ. अदीबानं त्याला दवाखान्याच्या पार्किंगमध्ये तपासलं. राजेंद्र गाडीत बसलेला, दार उघडं, आणि ती बाहेर उभी राहून कानात उजेड पाडतेय. शेजारी एक माणूस स्कूटर काढायची वाट बघत थांबला होता. त्यानंही जमेल तेवढं कानात डोकावून घेतलं.

"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

आल्या होत्या. सात-आठ वर्षांचा असेल. बापूंनी त्याला लिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं. खाजवू नये म्हणून रात्रभर त्याचे दोन्ही हात आपल्या एका मुठीत धरून बसले होते, आणि दुसऱ्या हातानं डहाळीनं वारा घालत होते. त्या वेळी रागावले नव्हते.

"तोच विषाणू," डॉक्टर म्हणाली. "कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो जात नाही. नसांच्या गाठीत झोपून राहतो. अंग खचलं, जागरण झालं, मोठा धक्का बसला, की कधीकधी उठतो. कमरेला उठला असता तर निभावलं असतं. तुमचा चेहऱ्याच्या नसेत उठलाय. शेजारची ऐकण्याची आणि तोल सांभाळायची नस धरलीय, घशाचीसुद्धा. म्हणून हे सगळं एकदम."

राजेंद्र हिशोब लावत बसला. म्हणजे पाल्यावरच्या त्या रात्रीपासून हा आपल्या कानामागं झोपलेला. बापू उठून गेले, आणि हा जागा झाला.

"बरं होईल?"

"गोळ्या आजपासून सुरू करू. दोन-तीन दिवस आधी आला असतात तर जास्त खात्रीनं बोलले असते." ती आडपडदा न ठेवता म्हणाली. "चेहरा बराचसा परत येईल असं वाटतं. महिने लागतील. कानाचं सांगता येत नाही. डोळा जपा. तो मिटत नाही, धूळ गेली तर बुबुळाला जखम होईल. रात्री पट्टी, दिवसा गॉगल."

गाडी निघताना राजेंद्रनं काच खाली केली. "डॉक्टर, एक विचारू? मी हसतोय का?"

"नाही काका. डावी बाजू काम करत नाही, म्हणून उजवीचं जास्त दिसतं."

"मग उजवी हसतेय?"

"ती तुम्ही सांगाल ते करतेय. तुम्ही तिला काय सांगताय?"

रडायला सांगतोय, असं राजेंद्रला म्हणायचं होतं. पण त्याला तशी खात्री नव्हती. बापू गेल्यापासून तो अजून रडला नव्हता. डावा डोळा गळत होता, पण ते मिटत नव्हता म्हणून. त्यानं काच वर केली.

गॉगल गयासनं आणला, फुटपाथवरून, घाईत. काचा निळ्या, काड्या पिवळ्या.

दहाव्याला शिवनेच्या काठावर सगळं गाव जमलं. मुंडण केलेलं डोकं, अंगावर पंचा, डोळ्यांवर निळा गॉगल, डोलती चाल आणि ओठाच्या एका कोपऱ्यात हसू, असा राजेंद्र पाण्यातून वर आला तेव्हा लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. फर्दापूरचे मावसभाऊ लांब जाऊन बसले.

"पिऊन आलाय," कुणीतरी म्हणालं.

"नाय हो, आजारी हाय."

"मग गॉगल?"

पिंड मांडले. माणसं मागं सरून हात जोडून उभी राहिली. बाभळीवर पाच-सहा कावळे होते. ते पिंडांकडं बघत होते, राजेंद्रकडं बघत होते, आणि जागचे हलत नव्हते.

मग वचनं द्यायला सुरुवात झाली. मेलेल्या माणसाचं काही मनात राहिलं असेल तर ते पुरं करायचं कबूल करावं लागतं, त्याशिवाय कावळा येत नाही. करुणा म्हणाली, बापू, आत्यांना अंतर देणार नाही. कावळा आला नाही. कुणी म्हणालं, बापू, तुमचा रेडिओ रोज सकाळी लावू. आला नाही. विहिरीवरच्या मोटारीचं कनेक्शन तुमच्याच नावावर ठेवू. एक कावळा उडाला, पण दुसऱ्या गावाकडं. पुंडलिकला ताण सहन झाला नाही, तो एकदम पुढं होऊन म्हणाला, "काका, म्या बांध हातभर सरकवला व्हता, तो परत करतो!" कावळे ढिम्म. बांधाची गोष्ट मात्र सगळ्यांनी ऐकून ठेवली.

"राजू, तू बोल," आत्या म्हणाल्या. "तुझ्यावरच हाय त्याचा राग. हसणार नाय म्हण."

राजेंद्र पुढं झाला. बापू म्हणायचं होतं. पण प, ब, म यांना दोन्ही ओठ लागतात, आणि त्याच्याकडं दीडच होता. "फाफू," तो बसक्या आवाजात म्हणाला. "फाफू, हसत नाही." हे म्हणताना उजवा कोपरा कानापर्यंत गेला. मागं कुणीतरी तोंडात पंचा कोंबला.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना वैजापूरला आणखी एक दहावा होता. "दर्भाचा करू," ते म्हणाले. यालाही सोय आहे: कावळा येतच नसेल तर दर्भाचा कावळा करतात, आणि कर्त्यानं तो पिंडाला टेकवला की झालं. गुरुजींनी दोन मिनिटांत दर्भ वळून कावळा केला. चोच जरा लांब झाली.

राजेंद्रनं तो हातात धरला आणि पिंडाकडं नेला. त्याच वेळी पृथ्वी डावीकडं कलली. दर्भाचा कावळा नारळाला शिवला.

"पिंडाला," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्यांदा तो गुरुजींच्या गुडघ्याला शिवला. राजेंद्रनं गॉगल कपाळावर सरकवला, दम घेतला, नेम धरला, आणि तिसऱ्यांदा तो आत्यांच्या पायाच्या अंगठ्याला शिवला.

आत्यांच्या नाकातून एक आवाज आला. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायला लागले होते. सगळ्यांना वाटलं, दहा दिवसांनी बाईंना अखेर रडायला सवड झाली. मग पदर खाली आला.

"मेल्या," आत्या हसत हसत, डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या बापाच्या दहाव्याला बद्रीनंबी असंच केलं व्हतं! आख्ख्या घाटावर त्योच एकटा हसला. बापाला लई भ्यायचा. भ्याला की हसायचा."

आधी बाया हसल्या. मग पंचा तोंडात कोंबलेल्यानं पंचा काढला. मग पुंडलिक, गयास, सगळा घाट. लांब बसलेले फर्दापूरचे मावसभाऊसुद्धा मांडीवर थाप मारून हसायला लागले. त्या गलक्यात बाभळीवरून एक कावळा झेपावला, राजेंद्रच्या हातातला दर्भाचा कावळा चोचीत धरला आणि नदीपलीकडं घेऊन गेला. पिंडाकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

लोक गुरुजींकडं बघायला लागले. गुरुजींनी वैजापूरचा विचार केला.

"शिवला!" ते ओरडले.

बापूंच्या दहाव्याला सगळं गाव हसलं. एकटा राजेंद्र हसला नाही. तो रिकामी बोटं तशीच धरून उभा होता, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं. डाव्यातून येतच होतं. उजव्यातून पहिल्यांदाच आलं. पण उजवीकडच्या पुरुषांना तेव्हा हसण्यातून कुणाकडं बघायला फुरसत नव्हती.

दिवाळीपर्यंत चेहरा बराचसा परत आला. डावा कान आला नाही. आता त्या बाजूनं कुणी काही म्हटलं तर ते आवकमध्ये नोंदलं जात नाही. आणखी एक झालं. जेवायला बसलं, घास तोंडात गेला, की डाव्या डोळ्यातून पाणी येतं. डॉक्टर म्हणाली, नस परत वाढताना चुकीच्या ठिकाणी जोडली गेलीय. लाळेचा निरोप अश्रूंकडं जातो. आत्या म्हणाल्या, आता आठवण येती त्याला बापाची. राजेंद्रनं दोघींचंही म्हणणं खोडून काढलं नाही. तो भाकरी खातो, रडतो, पाणी पितो, हात धुतो.

कचेरीत मधल्या सुट्टीत गयास डबा उघडतो, आणि पहिल्या घासाला राजेंद्रचा डोळा भरून आला की गयास भाजी त्याच्याकडं सरकवतो. तेवढ्या वेळात राजेंद्रच्या डोक्यात एक अर्ज तयार होतो. कागदावर तो कधी आलेला नाही, कारण जावकमध्ये नोंदायचा तर पत्ता लागतो:

प्रति, कै. बद्रीनाथ बापू. विषय: समक्ष रागावून मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराचा चेहरा आता कामकाजायोग्य झालेला आहे. तरी आपण सवडीनुसार एकदा हजर राहून, अर्जदारास मागील सर्व कारणांसाठी पूर्वीच्याच आवाजात, शक्यतो उजव्या कानाच्या बाजूने, रागवावे, व त्या वेळी अर्जदार हसतो किंवा कसे याची आपल्या स्तरावर खातरजमा करून घ्यावी, ही नम्र विनंती.